जनावरवाल्या मॅडम

वाघाचं चित्र असलेलं पान उलटण्याआधी मॅडम खिडकीबाहेर एकदा बघून घ्यायच्या. मी शाळेत नवीन रुजू झाले तेव्हा मला वाटलं, मुलांची उत्सुकता ताणण्याची ही त्यांची युक्ती असेल. मुलांना तर ती वाचनाचीच रीत वाटायची. पहिलीतलं पोरगंसुद्धा पुस्तक हातात आलं की आधी खिडकीकडे मान वळवायचं आणि मगच पान उघडायचं. एकदा मी न राहवून विचारलं, तेव्हा त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "अवं, इकडे मी पुस्तकातला वाघ दाखवून राहिली आणि तिकडून खराच आला, तर पोरं मले काय म्हणतील?"

आमची शाळा लाखनीहून आत होती. ट्रकांचा हायवे सोडला की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागायच्या, आणि बांध्या संपल्या की गाव, गावाच्या पाठीला लागूनच जंगल. शाळेच्या खोल्या दोन, आम्ही शिक्षिका दोघी, वर्ग चौथीपर्यंत आणि पट सतराचा. पट आणखी घसरला तर शाळा बंद होणार, ही बातमी दरवर्षी उन्हाळ्यात कुणीतरी आणायचं आणि मॅडम ती वर्षभर उराशी धरून ठेवायच्या. मी मूळची मोहाडीची, पहिलीच नोकरी, लाखनीत खोली घेऊन राहत होते. मॅडमच्या नोकरीची तेव्हा शेवटची पाच-सहा वर्षं उरली होती.

खिचडी शिजली की पहिला घास त्या स्वतः खायच्या आणि दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायच्या. आपल्याला काही झालं नाही अशी खात्री पटली की मग ताटं वाढायची. मधल्या सुट्टीत मुलांची मोजणी दोनदा. छपरावरचं एक कवेलू, म्हणजे कौल, हललेलं होतं, त्याच्या खाली त्यांनी जमिनीवर खडूने गोल काढून ठेवला होता. त्या गोलात पाय ठेवायची कुणाला परवानगी नव्हती. त्यांची धास्ती बघून मलाच थकवा यायचा. "मॅडम, इतकी काळजी काहून करता?" असं मी एकदा म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे अगदी शांतपणे बघितलं. "मी नाही केली तर कोण करीन? कोणाले तरी करावीच लागते नं."

गावात त्यांना 'जनावरवाल्या मॅडम' म्हणायचे. या भागात वाघाचं नाव सहसा कुणी घेत नाही. तळ्याकाठी दिसला तरी "काल बोडीवर जनावर आलं होतं," एवढंच म्हणतात. त्यामुळे त्या नावात थोडी थट्टा असायची आणि थोडा धाकही. नाव पडलं ते त्यांच्या लोखंडी पेटीमुळे. पेटीत पस्तीस-चाळीस चित्रांची पुस्तकं होती आणि प्रत्येकात कुठलं ना कुठलं जनावर: म्हैस, सारस, मुंगूस, आळशी मगर, दात पडलेला कोल्हा. काही त्यांनी नागपूरहून आणलेली, काही पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेली. सगळी जनावरांचीच का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माणसायचं चित्र दाखवलं तर अर्धे पोरं गप्प बसतात. कोणाचा बाप घरी नाही, कोणाची माय गेलेली. जनावराबद्दल मात्र सगळ्यायलेच बोलता येते."

त्यांचं शिकवणं साधं होतं. पानावरचा मजकूर तळहाताने झाकायचा आणि विचारायचं, "काय दिसते?" मुलं जे म्हणतील ते कागदाच्या पट्टीवर जसंच्या तसं लिहायचं. मग हात बाजूला करून पुस्तकातला शब्द वाचायचा आणि तो दुसऱ्या पट्टीवर. भिंतीवर पट्ट्यांच्या जोड्या लागलेल्या असायच्या. भालू आणि अस्वल. मिट्ठू आणि पोपट. कोला आणि कोल्हा. "पयले घरचा शब्द, मग पुस्तकाचा," त्या सांगायच्या. "दोन्ही तुमचेच."

ही पद्धत त्यांना कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. त्यांची आई पवनीकडे घरी बसून विड्या वळायची. मॅडम पहिलीत होत्या तेव्हा बाईंनी विचारलं, पाणी कुणाला हवं? या उठून म्हणाल्या, "मले." सगळा वर्ग हसला आणि बाईंनी कानाखाली वाजवली. "चौथीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही," त्या सांगायच्या. "लघवीलेबी विचारलं नाही. घरी जाईपर्यंत धरून ठेवायची." हे सांगतानाही त्यांचा हात नकळत गालावर जायचा.

माझं तिथलं दुसरं वर्ष. फेब्रुवारीत पेटीत एक नवीन पुस्तक आलं, अस्वलाचं. गुबगुबीत, मधाने तोंड माखलेलं, कुणी दिसलं की झाडामागे लपणारं अस्वल. मोहफुलांचे दिवस तोंडावर आले होते. पहाटे फुलं झाडाखाली पडतात, ती वेचायला गावातल्या बाया अंधार असतानाच जंगलात जातात आणि ती फुलं अस्वलालाही आवडतात. म्हणून मॅडमनी पुस्तक वाचता वाचता मुलांना सांगितलं, "अस्वल लाजाळू असते. माणसाची चाहूल लागली की तेच निघून जाते. म्हणून मोहा वेचाले गप्प जाऊ नये. बोलत जावं, गाणं म्हणत जावं." वनखात्याची माणसंही हेच सांगायची.

दुसरीत सलोनी नावाची मुलगी होती. वर्गात सगळ्यात आधी बोलणारी, सगळ्यात मोठ्याने बोलणारी. बाप लाखनीच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचा, आई वंदना धानाच्या हंगामात रोवणीला जायची आणि उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. सलोनीने तिथल्या तिथे गाणं जुळवलं:

"भालूदादा भालूदादा, सरक ना रे,
एक झाड तुले, एक मले दे ना रे."

मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी वहीत उतरवलं. महिनाभर शाळेच्या वाटेवर तेच गाणं होतं. सलोनीने ते आपल्या आईकडून पाठ करून घेतलं.

मार्चच्या शेवटी सकाळची शाळा सुरू झाली होती. एक दिवस मी पोचले तर मुलं वर्गात न जाता बोरिंगजवळ घोळका करून उभी. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सलोनीच्या मायले भालूनं धरलं." पहाटेच झालं होतं. बाकीच्या बायांनी आरडाओरडा करून अस्वलाला हुसकलं, तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून भंडारा आणि भंडाऱ्याहून नागपूर. जीव होता, पण चेहरा फाडला होता. मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. तेवढ्यात त्याच मुलाने, काहीही मनात न ठेवता, पुढचं सांगितलं: "ते गाणं म्हणत होती म्हणे."

मॅडम खाली बसल्या. बोरिंगच्या ओल्या ओट्यावर, साडीसकट. मी पाणी दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग उठल्या, वर्गात गेल्या, मुलांची हजेरी घेतली आणि पेटीला कुलूप लावलं. पुढचे तीन आठवडे त्यांनी फक्त पाठ्यपुस्तक शिकवलं. मुलं भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघायची, पण कुणी विचारलं नाही.

"मी खोटं शिकवलं," त्या मला म्हणायच्या. मी समजूत घालायचे, मॅडम, सगळेच तसं सांगतात, तुम्ही वेगळं काय सांगितलं? त्या म्हणायच्या, "सगळ्यायनं सांगितलेलं ते पोरगी विसरून गेली असती. मी सांगितलेलं तिनं घरी नेलं."  त्यांचं बीपी वाढलं होतं, जेवण सुटलं होतं. वर्गात एखादं मूल काही विचारायला लागलं की त्या वाक्य सुरू करायच्या आणि अर्ध्यात थांबायच्या. मला भीती वाटू लागली की या बाई आता पुन्हा कधी नीट शिकवू शकणार नाहीत.

त्याहून मोठी भीती सलोनीची होती. ती शाळेत येत नव्हती आणि घरीही बोलत नव्हती. बाप नागपूरला वंदनाजवळ दवाखान्यात, पोरगी काकूजवळ. रोज शाळा सुटली की मॅडम तिच्याकडे जायच्या. मी बरोबर असायचे. वाटेतल्या म्हाताऱ्यांना जयभीम करत आम्ही त्या घरापर्यंत पोचायचो आणि दाराशी मॅडमचे पाय जड व्हायचे. पहिल्या दिवशी त्या सलोनीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बेटा, ते मी सांगितलं होतं. चूक माही आहे. तुही नाही." सलोनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काकू म्हणाली, "असीच बसते मॅडम. जेव म्हटलं तर जेवते. पर शब्द नाही." परतताना मॅडम म्हणाल्या, "मले चौथीपर्यंत लागलं होतं."

तीन आठवड्यांनी वंदना घरी आली. आम्ही गेलो तेव्हा ती बाजेवर बसलेली होती, पदर डोक्यावरून ओढून डाव्या बाजूने पूर्ण झाकलेला. त्या बाजूचा डोळा गेला होता. जबड्याला टाके असल्यामुळे शब्द जड येत होते. सलोनी दाराच्या फळीमागे उभी होती. आई आल्यापासून तिने तिच्याकडे पाहिलंच नाही, असं काकूने हळूच सांगितलं. मॅडम बसल्या, उठल्या, परत बसल्या. शेवटी एकदम म्हणाल्या, "वंदना, तू गाणं म्हणत होती का गं?"

"हो नं," वंदना म्हणाली. "जोरानं म्हणत होती."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"पर त्या भालूच्या मांगं पिल्लू होतं, मॅडम," वंदना पुढे म्हणाली. "मले दिसलं नाही. मी मंधात आली. पिल्लू असल्यावर कोणती माय गाणं आयकते?"

 बाहेर कोंबड्या चाळवल्या, काकूने त्यांना हाकललं. आणि मग फळीमागून आवाज आला, बसलेला, ओळखू न येणारा.

"केवढं होतं?"

वंदनाने मान वळवायचा प्रयत्न केला, तिला ते जमलं नाही. तशीच समोर बघत म्हणाली, "लहानसं. कुत्र्याच्या पिल्लावानी."

"त्याले लागलं का?"

"नाही बेटा. ते गेलं आपल्या मायसंगं."

सलोनी फळीमागून निघाली आणि आईच्या चांगल्या बाजूला येऊन बसली. मॅडम झटकन उठल्या आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. अंगणात त्या मोठ्याने रडल्या, आणि रडता रडताच मला म्हणाल्या, "चाल लवकर, आपल्यामुळं ते पोरगी पुन्हा उठून जाईल."

दोन दिवसांनी सलोनी शाळेत आली. मॅडमनी पेटीचं कुलूप काढलं आणि अस्वलाचं ते पुस्तक स्वतःहून तिच्यापुढे ठेवलं.  सलोनीने पानं उलटली, बंद केलं आणि म्हणाली, "यात खोटं आहे."

"थोडं खोटं आहे," मॅडम म्हणाल्या. "थोडं खरं आहे. बाकीचं खरं तू सांगशील का?"

मग आमच्या शाळेत एक पुस्तक तयार झालं. चित्रकलेचे कागद मधोमध दुमडून मॅडमनी दाभणाने शिवले. चित्रं सलोनीची. अस्वल रंगवताना वर्गातले सगळे काळे रंगखडू संपले, म्हणून पिल्लू तपकिरी झालं. वंदना सकाळी शाळेच्या ओसरीत येऊन बसायची आणि सांगायची. सलोनी लिहायची, अडली की मॅडमकडे बघायची. मॅडम शब्द द्यायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, "मंग काय झालं?" शेवटच्या पानावर सलोनीने कुणालाच न विचारता लिहिलं:

"भालूले पिल्लू होतं. माह्या मायलेबी पिल्लू होतं. ते मी."

मॅडमनी ते वाचलं. समोरच्या पानावर त्यांनी सलोनीकडूनच पुस्तकी वाक्य लिहून घेतलं, "अस्वलाला पिल्लू होतं. माझ्या आईलाही पिल्लू होतं. ते पिल्लू म्हणजे मी." आणि दोन्ही पानं वर्गाला वाचून दाखवायला लावली.

जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तालुक्याहून एक साहेब भेटीला आले. मॅडमची झोप आधीच्या आठवड्यापासून उडालेली. साहेबांनी भिंतीवरच्या पट्ट्या बघितल्या, टेबलावरचं ते शिवलेलं पुस्तक उचललं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "हे 'भालूले' काय आहे? 'मायलेबी' काय आहे? आणि मॅडम, इतक्या लहान मुलांना असली भीतीची गोष्ट वाचायला देता?"

 मॅडमनी हातातली हजेरी मिटून टेबलावर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "सर, पोरं रोज त्याच वाटेनं शाळेत येतात. त्यायले माहीत असलं पाहिजे. आणि प्रमाण भाषेतलं वाक्य समोरच्या पानावर आहे. पोरगी दोन्ही वाचते. वाचून दाखवायला सांगू?"

सलोनी उभी राहिली आणि तिने पुस्तक पहिल्यापासून वाचलं. एकदा घरच्या भाषेत, एकदा पुस्तकाच्या. साहेब ऐकत राहिले. मग चष्मा पुसत बसले. निघताना शेरेवहीत लिहून गेले: "वाचन समाधानकारक. भाषेकडे लक्ष द्यावे." त्या दुसऱ्या वाक्याची काळजी मॅडम महिनाभर करत होत्या. "म्हणजे काय गं लक्ष द्यावे? बदली तर नाही करणार?" मी म्हणायचे, करायची असती तर केव्हाच केली असती. पान मात्र त्यांनी खोडलं नाही की फाडलं नाही.

त्यानंतर त्यांच्या बोलण्यात एक शब्द कायमचा आला: बहुतेक. "साप बहुतेक वेळा आपल्या वाटेला जात नाही. बहुतेक वेळा, बरं का." "मुंगूस माणसाले चावत नाही, बहुतेक." मुलांना तो शब्द इतका आवडला की ती तो कुठेही लावायला लागली. "मॅडम, माझं जेवण झालं बहुतेक." "मॅडम, यानं मले बहुतेक मारलं." मी हसायचे, मॅडमना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. त्या मुलाला जवळ बोलवून गंभीरपणे विचारायच्या, "बहुतेक मारलं म्हणजे? लागलं का?"

त्या निवृत्त झाल्या तेव्हा गावाने ओसरीत छोटा कार्यक्रम ठेवला. शाल झाली, नारळ झाला. बोलायला उभ्या राहिल्या आणि सतरा मुलांकडे बघून त्यांना काही बोलताच येईना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोरिंगजवळ शेवाळ होते पावसात. घासत जाशील." एवढंच त्यांचं निरोपाचं भाषण. पेटीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, चौदाव्या मजल्यावरच्या घरात. तिथून त्या आठवड्यातून दोनदा फोन करतात आणि शाळेतलं सगळं विचारून घेतात.

यंदाच्या मार्चमध्ये वंदना आपणहून शाळेत आली. सलोनी आता लाखनीच्या शाळेत सातवीला आहे. त्या दिवशी तिला सुट्टी होती, तीही सोबत होती. वंदना म्हणाली, "पयली-दुसरीचे पोरं आता मायसंगं मोहा वेचाले जातीन. त्यायले मी सांगीन." पुस्तक सलोनीने वाचलं. वाचून झाल्यावर वंदनाने चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला.  पहिलीतली एक छोटी मुलगी रडायला लागली. मी उठणार तेवढ्यात ती डोळे पुसत वंदनाजवळ गेली आणि म्हणाली, "दुखते का?" वंदना म्हणाली, "आता नाही. थंडीत दुखते जरासं." मग हळूहळू सगळीच तिच्याभोवती गोळा झाली आणि प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले.

मधल्या सुट्टीत मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "पोरं घाबरली नाही नं?"

"घाबरली मॅडम. एक तर रडली."

"मंग?"

"मग तिनेच पहिला प्रश्न विचारला. दुखते का, म्हणून."

  पलीकडून त्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ घाईघाईचा आवाज, "तू बाहेर उभी राहून बोलत असशील. ठेव, ठेव फोन. पोरं एकटी असतील तिकडे."

वर्गात वंदना होती, सलोनी होती, खिचडीवाली ताई दाराशीच बसली होती. तरीही मी पळतच आत गेले.